डोक्यातील ऊ आणि डोक्यावरचे छप्पर

शाळेत एखाद्या मुलीच्या डोक्यात उवा सापडल्या म्हणजे तिच्याविषयी जो निवाडा क्षणार्धात होतो, त्याला साक्षीपुरावा लागत नाही, कोणाची कैफियत मागवावी लागत नाही आणि त्यावर अपीलही चालत नाही. मुलगी गबाळी, तिची आई आळशी, घर ओंगळ, आणि अशा घरच्या मुलीला इतर मुलींपासून चार हात दूर बसविणे वर्गाच्या हिताचे, ही पूर्वापार चालत आलेली समजूत शिक्षकांच्या, पालकांच्या आणि दुर्दैवाने त्या मुलीच्या स्वतःच्याही मनात इतकी खोल रुजली आहे की, तिची फेरतपासणी करावी असे सहसा कोणास वाटत नाही. माझ्या मते ही समजूत चुकीची आहे, आणि उवांनी मुलीचे जे नुकसान होते त्यापेक्षा कितीतरी मोठे नुकसान या समजुतीने होते. हे मत मांडण्यासाठी दोन प्रश्न एकमेकांपासून वेगळे करावे लागतात. ऊ डोक्यात येते कशी, हा एक. आणि आलेली ऊ तेथून जात का नाही, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर प्राणिशास्त्र देते. दुसऱ्याचे उत्तर मात्र घराची लांबीरुंदी, पाण्याचे अंतर आणि आईच्या मजुरीचे तास विचारल्यावाचून मिळत नाही.

डोक्यातील ऊ हा दोन-तीन मिलिमीटर लांबीचा, पंख नसलेला आणि उडी मारता न येणारा कीटक होय. माणसाच्या डोक्यावाचून त्याला दुसरे घर नाही. कुत्र्यामांजरांच्या अंगावर तो राहत नाही, आणि डोक्यावरून खाली पडला तर रक्ताच्या अभावी दिवस-दोन दिवसांत मरतो. मादी सुमारे महिनाभर जगते आणि रोज पाच-सात लिखा केसाच्या मुळाशी घट्ट चिकटवून ठेवते. आठवड्या-सव्वा आठवड्यात लीख फुटते आणि पुढच्या नऊ ते बारा दिवसांत तीतून निघालेले पिल्लू स्वतः लिखा घालण्याच्या वयात येते. एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जाण्याचा उवेचा मुख्य मार्ग एकच, तो म्हणजे केसाला केस लागणे. धुतलेले केस आणि मळकट केस यांत ती फरक करीत नाही, आणि नुसत्या पाण्याने ती मरतही नाही. पाण्यात बुडाली असता श्वासाची छिद्रे मिटून ती तासन्‌तास तग धरते. कपड्यांच्या शिवणीत राहणाऱ्या अंगावरच्या उवेची गोष्ट निराळी आहे. टायफस ज्वर त्या उवेमुळे पसरतो हे शार्ल निकोल यांनी १९०९ साली ट्यूनिस येथे सिद्ध केले, त्याबद्दल त्यांना १९२८ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि ती ऊ खरोखरच अंगावरचे वस्त्र बदलता न येण्याच्या दारिद्र्यात माजते. डोक्यातील उवेवर साथीचा असा आरोप शाबीत झालेला नाही; परंतु लोकांच्या मनात दोघींची बदनामी एकत्रच झाली आणि तिचा भार शाळकरी मुलींच्या डोक्यावर आला.

ही ऊ गरिबांची खास मालमत्ता कधीच नव्हती. इस्रायलमधील प्राचीन लाखीश नगराच्या उत्खननात २०१६ साली हस्तिदंताची एक लहानशी फणी सापडली. तिची लांबी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. तिच्यावर कोरलेली अक्षरे २०२२ साली वाचली गेली तेव्हा असे आढळले की, कनानी वर्णमालेत आजवर मिळालेले सर्वांत जुने संपूर्ण वाक्य म्हणजे केसांतील आणि दाढीतील उवा या फणीने नाहीशा कराव्यात अशी मागणी आहे. सुमारे ३७०० वर्षांपूर्वीच्या त्या फणीच्या दात्यांत उवेच्या पिल्लाचे अवशेषही मिळाले. हत्ती त्या प्रदेशात नव्हते, हस्तिदंत दूरदेशाहून आणलेले; म्हणजे ती वस्तू कोणा संपन्न गृहस्थाचीच असली पाहिजे. आपल्याकडे कौटिल्याने लांबीचे कोष्टक देताना आठ लिक्षांची एक यूका आणि आठ यूकांचे एक यव असे माप धरले आहे, आणि ज्या वस्तूने माप सांगावयाचे ती राजवाड्यापासून झोपडीपर्यंत सर्वांच्या परिचयाची असावी लागते हे उघड आहे. आजच्या काळातला दाखला हवा असेल तर अमेरिकेसारख्या धनाढ्य देशात तीन ते अकरा वर्षे वयाच्या मुलांत दरसाल साठ लाख ते एक कोटी वीस लाख वेळा उवा होतात, असा तेथील सरकारी आरोग्यसंस्थेचाच अंदाज आहे. तेथे घरोघरी नळाला गरम पाणी आहे, मुलांना स्वतंत्र खोल्या आहेत, तरीही उवा येतात. कारण मुले खेळताना डोकी जवळ आणतात, आणि ती आणलीच पाहिजेत.

मग फरक कोठे पडतो? येण्यात पडत नाही, जाण्यात पडतो. लाखीशच्या त्या गृहस्थाच्या डोक्यात ऊ होती आणि त्याच्या गुलामाच्याही डोक्यात असेल, पण हस्तिदंती फणी आणि ती निवांत फिरविण्यास लागणारा वेळ एकाजवळच होता. हा भेद मला या विषयाचा गाभा वाटतो. संपन्न घरी ऊ पाहुणी म्हणून येते आणि पंधरवड्यात घालविली जाते. मजुराच्या घरी ती वर्षानुवर्षे ठाण मांडून बसते, आणि आपण त्या ठाण मांडण्याचा दोष मुलीच्या स्वभावाला आणि आईच्या संस्काराला देऊन मोकळे होतो.

उवा घालविण्यास काय लागते ते एकदा नीट मोजून पाहावे. औषध असो वा नसो, फणी फिरविल्यावाचून सुटका नाही. आणि गुंता झालेल्या कोरड्या केसांतून बारीक दात्यांची फणी फिरत नाही, म्हणून केस आधी ओले किंवा तेलकट करून कंगव्याने मोकळे करावे लागतात. मग एकेक बट हाती घेऊन मुळापासून टोकापर्यंत फणी ओढायची, प्रत्येक वेळी ती पांढऱ्या फडक्यावर झटकायची, कानामागे आणि मानेवर, जेथे लिखा दाट असतात तेथे, पुन्हा पुन्हा पाहायचे. कमरेपर्यंत केस असलेल्या एका मुलीला अर्धा-पाऊण तास लागतो. शिवाय लिखा एकाच दिवशी फुटत नाहीत, म्हणून दर तीन-चार दिवसांनी निदान दोन आठवडे हे करीत राहावे लागते. आणि एकीच्या डोक्यातील गेल्या तरी शेजारी झोपणाऱ्या बहिणीच्या डोक्यातून त्या दुसऱ्या रात्री परत येतात, म्हणून सर्व बहिणींचे आणि आईचे स्वतःचेही डोके त्याच दिवशी झाले पाहिजे. तीन मुली आणि आई मिळून हे दोन-अडीच तासांचे काम आहे, तेही दिवसाउजेडी, कारण चिमणीच्या किंवा मिणमिणत्या दिव्याच्या प्रकाशात लीख दिसत नाही. जी बाई उजाडण्यापूर्वी घर सोडते आणि अंधार पडल्यावर परत येते, तिच्या दिवसात असे दोन तास कोठे आहेत, हा प्रश्न तिला आळशी म्हणणाऱ्याने आधी सोडवून दाखवावा.

अशी बाई पाहावयाची असेल तर ऊसतोडीच्या तळावर जावे. दिवाळीच्या आगेमागे बीड आणि मराठवाड्यातील इतर जिल्ह्यांतून, नगरच्या पूर्वभागातून लाखो कुटुंबे उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन मुकादमाबरोबर बाहेर पडतात आणि सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, कर्नाटक अशा ऊसपट्ट्यांत मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. नवराबायको मिळून मजुरीचा एक ‘कोयता’ गणला जातो. त्यांचे घर म्हणजे कोपी: बांबूच्या तट्ट्या नाहीतर उसाचे पाचट, वर प्लॅस्टिकचा कागद, आत ताठ उभे राहता येत नाही एवढी उंची. तीत चूल, धान्याचे डबे, कपड्यांचे गाठोडे आणि पाच-सहा माणसे. डिसेंबरच्या थंडीत एका वाकळेखाली चार पोरे झोपतात तेव्हा ती एकमेकांच्या उबेला बिलगूनच झोपणार. डोक्याला डोके लागल्यावाचून त्या कोपीत झोपताच येत नाही. पहाटे चारला आई फडावर जाते, आणि गाडी भरायला उशीर झाला तर रात्री नऊ वाजेपर्यंत परत येत नाही. मागे राहिलेल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलीने कॅनॉलवरून किंवा टँकरवरून पाणी आणायचे, धाकट्याला कडेवर घेऊन भाकरी थापायची, आणि साखरशाळा, म्हणजे तोडणी मजुरांच्या मुलांसाठीची हंगामी शाळा, जवळ असलीच तर तेथे जाऊन बसायचे. अशा मुलीच्या केसांत बोट घातले असता उसाचे कूस, धूळ आणि लिखा एकत्र हाताला लागतात. मी एका तळावर पाहिलेल्या मुलीच्या मानेवर खाजवून झालेल्या जखमा पिकल्या होत्या, कानामागे गाठी आल्या होत्या, आणि रात्री झोप लागत नाही असे ती अगदी सहज, तक्रारीचा सूर न काढता सांगत होती. शाळेत पेंग येणाऱ्या मुलीच्या बुद्धीविषयी मत बनविण्याआधी शिक्षकाने तिच्या रात्रीची चौकशी करावी, एवढे त्या दर्शनाने मला पटले.

तळावरची कोपी हे टोकाचे उदाहरण झाले असे कोणी म्हणेल. पण २०११ च्या जनगणनेत भारतातील ३७.१ टक्के कुटुंबे एका खोलीत राहत असल्याची नोंद आहे. घराच्या आवारात अंघोळीची सोय, मग ती नुसती आडोशाची का असेना, ५८.४ टक्के कुटुंबांना होती; पिण्याचे पाणी आवारातच मिळणारी कुटुंबे ४६.६ टक्के, म्हणजे निम्म्याहून कमी. त्यानंतरची दहा वर्षांनी व्हावयाची मोजणी वेळेवर झाली नाही. या काळात नळ पुष्कळ ठिकाणी पोहोचले हे खरे, परंतु खोल्या वाढल्या असे मानण्यास आधार दिसत नाही. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनाच्या योजनेने १९९५ पासून कुटुंबामागे जे घर मंजूर केले ते २२५ चौरस फुटांचे होते, आणि ते क्षेत्र पुढे वाढवून मिळाले तरी त्यात आजी, आईबाप आणि तीन मुले यांनी रात्री अंथरुणे कशी पसरावीत याची तरतूद कोणत्याही नियमावलीत नाही. उवांच्या दृष्टीने पाहिले तर घराचे महत्त्वाचे माप चौरस फुटांत नसून दोन उशांमधील अंतरात आहे.

साधनांच्या अभावाला स्वभावाचा दोष समजण्याची ही चूक जुनी आहे. १९१७ साली बिहारमधील चंपारण्यात गांधीजींनी खेड्यापाड्यांत शाळा काढल्या तेव्हा शिकविण्यासाठी महाराष्ट्रातूनही माणसे गेली. मुंबईच्या अवंतिकाबाई गोखले आणि पुण्याच्या आनंदीबाई वैशंपायन त्यांत होत्या. वैद्यकीय कामासाठी भारत सेवक समाजाचे डॉ. देव होते. अक्षरओळख आणि व्याकरण यांपेक्षा मुलांना स्वच्छता आणि वर्तन शिकविण्यावर भर द्यावा अशी त्यांना सूचना होती. भितिहरवाजवळच्या एका लहान खेड्यातील बायकांची वस्त्रे फार मळकट दिसली, म्हणून त्यांनी ती का धूत नाहीत याची विचारपूस करण्यास गांधीजींनी कस्तुरबांना सांगितले. त्यावर एका बाईने कस्तुरबांना आपल्या झोपडीत नेले आणि दाखविले की, अंगावर आहे त्यावाचून तिच्याजवळ दुसरे लुगडेच नाही. ते धुवायचे तर नेसायचे काय? हा प्रसंग गांधीजींनी आत्मकथेत नमूद केला आहे, आणि स्वच्छतेचा उपदेश करणाऱ्या प्रत्येकाने तो मनाशी बाळगावा असा आहे. त्या बाईला स्वच्छतेचे महत्त्व कळत नव्हते असे नाही. तिच्याजवळ दुसरे वस्त्र नव्हते, आणि उपदेश करणाऱ्याजवळ ते देण्याची तयारी असल्यावाचून उपदेशाला अर्थ नव्हता. २००४ साली मागास तालुक्यांतील मुलींसाठी जी निवासी विद्यालये निघाली त्यांना कस्तुरबांचे नाव दिलेले आहे. त्या वसतिगृहांत मुलींची डोकी तपासताना तरी ही गोष्ट विसरता कामा नये.

महाराष्ट्राला हा धडा चंपारण्यातून आणण्याची गरज नव्हती. ज्यांना सार्वजनिक विहिरीवर आणि तळ्यावर पाय ठेवू दिला नाही त्यांनाच अस्वच्छ ठरवायचे, आणि ते अस्वच्छ आहेत म्हणून त्यांना पाण्यापाशी येऊ द्यायचे नाही, हे दुष्टचक्र आपण शतकानुशतके चालविले. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा प्रश्न तहानेपुरता नव्हता. माणसाला त्याच्या अवस्थेचा दोष देण्यापूर्वी ती अवस्था कोणी निर्माण केली हे विचारण्याचा हक्क त्यांत होता. वर्गात उवांची तपासणी होते तेव्हा कोणत्या वस्तीतील मुलींची डोकी आधी पाहिली जातात आणि कोणत्या मुलींना हात लावण्यापूर्वी बाई पट्टी किंवा पेन्सिल पुढे करतात, याकडे ज्याने लक्षपूर्वक पाहिले असेल त्याला ते जुने दप्तर अद्याप बंद झालेले नाही हे कळून येईल.

शिक्षेने आणि सक्तीने उवा जातात काय, याचा मोठा प्रयोग इंग्लंडने करून पाहिला आहे. १९०७ च्या कायद्याने तेथे शालेय वैद्यकीय तपासणी सुरू झाली आणि १९०८ च्या बालक अधिनियमाने शिक्षण-अधिकाऱ्यांना उवा झालेल्या मुलांना साफ करण्याचा, आणि मुलाला पुन्हा उवा होऊ देणाऱ्या आईबापांस दंड करविण्याचा अधिकार दिला. परिचारिका शाळोशाळी फिरल्या, सफाईची केंद्रे उघडली, सरकारी अहवालांत आकडे उतरत गेले, आणि प्रश्न जवळजवळ मिटला असे अधिकाऱ्यांना वाटू लागले. सप्टेंबर १९३९ मध्ये बॉम्बहल्ल्याच्या भीतीने शहरांतील मुले खेड्यांत हलविली तेव्हा यजमानीण बायकांनी त्यांच्या डोक्यांत जे पाहिले त्याने सारा देश अस्वस्थ झाला. केनेथ मेलन्‌बी या कीटकशास्त्रज्ञाने साथीच्या रोगांच्या रुग्णालयांत दाखल झालेल्या मुलांच्या नोंदी तपासल्या आणि १९४१ साली दाखवून दिले की, खरे प्रमाण शाळातपासणीतील आकड्यांच्या कितीतरी पट आहे. औद्योगिक शहरांतील लहान मुलींत तर ते निम्म्याच्या आसपास होते. इतकी वर्षे जे लपून राहिले त्याचे कारण मला त्या पद्धतीतच दिसते: तपासणीची धास्ती असली की ती होण्याच्या आदल्या रात्री डोके पाहिले जाते, तपासणारी व्यक्ती घाईघाईने वरवर नजर फिरविते, आणि घरात, जेथे दोन मुले एका पलंगावर झोपतात, तेथे काहीच बदलत नाही. दंडाचे भय आकडा खाली आणते. ऊ तेथेच राहते.

आपल्याकडे दंड नाही, पण त्याहून कडू उपाय आहेत. उवा असलेल्या मुलीला शेवटच्या बाकावर एकटी बसविणे. सर्वांसमोर नाव घेऊन उभी करणे. उवा गेल्यावाचून शाळेत येऊ नकोस अशी ताकीद देऊन घरी पाठविणे. आणि वसतिगृहांत सरसकट सर्व मुलींचे केस कापून टाकणे. या शेवटच्या उपायाविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण तो व्यवहारी म्हणून गणला जातो. केस आखूड केले असता फणी फिरविणे सोपे होते यात शंका नाही, आणि मुलीने आपण होऊन कापले तर त्यास कोण हरकत घेईल? परंतु ज्या समाजाने विधवेचे केशवपन करून बाईच्या डोक्यावरील केस हिरावणे ही तिची सार्वजनिक अप्रतिष्ठा ठरवली, आणि ज्या समाजात १८९० च्या सुमारास नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने मुंबईच्या नाभिकांना एकत्र येऊन असे केशवपन आम्ही करणार नाही असे जाहीर करावे लागले, त्या समाजात बारा वर्षांच्या मुलीचे केस तिच्या संमतीवाचून कातरले म्हणजे तिला काय वाटत असेल हे समजण्यासाठी मानसशास्त्राचे ग्रंथ नकोत. मुलगी सुट्टीला घरी जाते आणि परत येत नाही. हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरी लागते, पुढे नाव कमी होते, आणि कारणाच्या रकान्यात ऊ कोठेच दिसत नाही.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने उवांमुळे कोणत्याही मुलाला शाळेतून घरी पाठवू नये असे स्पष्ट सांगितले आहे, आणि लिखा संपूर्ण नाहीशा होईपर्यंत वर्गात येऊ न देण्याचा शिरस्ता सोडून द्यावा असेही म्हटले आहे. त्यामागील तर्क सरळ आहे. ज्या दिवशी ऊ दिसली त्या दिवसाच्या पुष्कळ आधीपासून ती डोक्यात होती, तेव्हा आज मुलीला हाकलून वर्गाचे रक्षण होत नाही. आणि ऊ हा प्राणघातक रोग नसून बुडालेले शिक्षण मात्र जन्मभर भरून निघत नाही.

येथे शिक्षकांचे म्हणणे ऐकले पाहिजे, कारण ते खरे आहे. साठ मुलांचा वर्ग, वर खिचडीचा हिशेब, गणवेशाचा हिशेब, निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे, आणि त्यात इतर पालकांचा तगादा की आमच्या मुलीला तिच्याजवळ बसवू नका. अशा बाईंनी डोकी केव्हा पाहावीत? त्यांनी ती एकट्याने पाहावीत असे मी म्हणतच नाही. मुलींनाच हे काम येते, आणि फार चांगले येते. एका आश्रमशाळेच्या पायऱ्यांवर रविवारी दुपारी पाहिलेले दृश्य मला या संबंधात सांगावेसे वाटते. वरच्या पायरीवर दहावीची मुलगी, तिच्या गुडघ्यांमध्ये खालच्या पायरीवर आठवीची, तिच्या पुढ्यात सहावीची, अशी सात-आठ मुलींची ओळ उतरत गेली होती. प्रत्येकीचे हात पुढचीच्या केसांत, आणि प्रत्येकीचे डोके मागचीच्या हातांत. एक मुलगी फणी पाटीवर झटकत होती, काळ्या पाटीवर लिखा पांढऱ्या ठिपक्यांसारख्या उठून दिसत होत्या, आणि दोन अंगठ्यांच्या नखांत सापडलेल्या उवेचा टच्‌ असा आवाज झाला की खालची मुलगी विचारी, “मोठी होती का गं?” त्या ओळीत कोणीही लाजत नव्हते. अधीक्षिकाबाई आल्या तशी ओळ मात्र झटकन मोडली, आणि फणी ओढणीत गेली. त्या बाई कडक होत्या असेही नाही. पण वडीलधाऱ्यांसमोर या गोष्टीची वाच्यता करायची नसते हे मुलींना कोणीतरी फार लवकर शिकविले होते. त्या शाळेत फणी एकच होती आणि ती एका मुलीने घरून आणली होती.

लाजेमुळे केवळ मन दुखावते असे नाही, शरीरालाही इजा होते. जी गोष्ट उघड बोलता येत नाही तिच्यावर चोरून उपाय केले जातात, आणि चोरून केलेले उपाय घातक असतात. रॉकेल डोक्याला चोळून मुलीला चुलीपाशी बसविणे किती भयंकर आहे हे सांगावयास नको. सीताफळाच्या बियांची पूड तेलात कालवून लावण्याची चाल आपल्या खेड्यांत घरोघरी आहे. तिने उवा मरतात हे खरे, पण त्या पुडीचा अंश डोळ्यांत गेला असता बुबुळाला जखम होते, असह्य वेदना होतात, आणि अशा रोग्यांची नोंद नेत्रवैद्यांनी आपल्या देशात केलेली आहे. पिकांवर मारण्याची औषधे डोक्याला लावणारेही आढळतात. दवाखान्यात मागितले तर मिळू शकणारे पर्मेथ्रिनचे औषध दहा मिनिटे लावून धुवायचे आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा लावायचे असते, कारण पहिल्या खेपेस वाचलेल्या लिखांतून तोवर पिल्ले निघालेली असतात. ही दुसरी खेप चुकली म्हणजे पहिली फुकट जाते. पर्मेथ्रिनला दाद न देणाऱ्या उवा आता अनेक देशांत आढळत असल्याने औषधाबरोबर फणी आवश्यकच आहे. एवढे साधे ज्ञान आईपर्यंत पोहोचत नाही, याचे कारण तिने ते विचारायचे कोणाला आणि कोणत्या तोंडाने?

या बाबतीत आपल्याजवळ उत्तम परंपरा आहे, आणि ती परकी नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या, आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर वारली पाड्यांच्या मध्ये गेले. मुले शाळेकडे येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली पाहिजे, हा तेथला विचार होता. अंगणात आलेल्या मुलाला आंघोळ घालणे, नखे कापणे, डोके विंचरणे हा शिक्षणापूर्वीचा सोपस्कार न मानता शिक्षणाचाच भाग मानला गेला. तेथे मुलांच्या मळाचा विटाळ कोणी मानला नाही. त्याच परिसरात, पालघर येथे, ६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला, आणि तेव्हापासून फिरती पथके शाळाशाळांतून मुलांची तपासणी करतात. हृदयातील दोष, दुभंगलेला ओठ, रक्तक्षय असे गंभीर विकार त्या तपासणीत सापडून पुष्कळ मुलांवर वेळीच उपचार झाले, याबद्दल त्या योजनेचे ऋण मानलेच पाहिजे. तिच्या यादीत त्वचारोग म्हणून खरूज, बुरशीजन्य विकार आणि इसब यांची नावे आहेत. उवांचे नाव नाही. प्राणघातक रोगांपुढे उवांची काय मातब्बरी, असे यावर उत्तर मिळते. परंतु मुलीला जे रोज छळते, जे तिची झोप मोडते, ज्याच्या जखमांतून पू होतो, आणि ज्यापायी ती शाळा सोडते, त्याचे महत्त्व मृत्यूच्या दाखल्यांवरून ठरविता येत नाही.

तेव्हा मागणी अशी आहे. आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत उपचार एकेका मुलीला हुडकून न करता सबंध निवासाचा एकाच दिवशी व्हावा, आणि आठ-दहा दिवसांनी दुसरी खेप त्याच रीतीने व्हावी. म्हणजे कोणाच्या डोक्यात होत्या आणि कोणाच्या नव्हत्या हा प्रश्नच उरत नाही. अधीक्षिका, कामाठी आणि स्वयंपाकीण यांनीही त्याच दिवशी आपली डोकी पाहून घ्यावीत. गणवेश आणि वह्यांबरोबर प्रत्येक मुलीला तिची स्वतःची बारीक दात्यांची फणी मिळावी. गणवेशाच्या खर्चापुढे ती रक्कम नगण्य आहे. आठवड्यात एक तास वेळापत्रकातच असावा, उघडपणे, पायऱ्यांवर, उन्हात. दोन मुलींना एका गादीवर झोपविण्याची वहिवाट बंद व्हावी, आणि मंजूर विद्यार्थिनींची संख्या खाटांच्या संख्येवर ठरावी, खाटा मागाहून येतील या भरवशावर नव्हे.

ऊसतोडीच्या मुलांसाठी मात्र शाळेतील उपाय पुरा पडणार नाही. ऑक्टोबरात गावातल्या शाळेत केलेला उपचार नोव्हेंबरात कोपीतल्या पहिल्याच आठवड्यात वाया जातो, म्हणून उपचाराचे वेळापत्रक शाळेच्या सत्रांवर न बांधता गळीत हंगामावर बांधले पाहिजे. तळ पडल्यावर पंधरा दिवसांत पहिली खेप, त्यानंतर दहाव्या दिवशी दुसरी, आणि दोन्ही खेपांना आईबाप, पोरे, सोबत आलेली आजी, सर्वांची डोकी. यासाठी ज्या दिवशी कारखान्याचे गाळप बंद असते आणि टोळी तळावर असते तोच दिवस निवडला पाहिजे, कारण एरवी आई सापडत नाही. त्या दिवशी टँकरची एक खेप केवळ अंघोळीसाठी यावी आणि ती कारखान्याच्या खर्चाने यावी. जी मुले हंगामी वसतिगृहात गावीच राहतात त्यांची मोजणी वेगळी ठेवावी, म्हणजे तळावरची मुले आणि गावातली मुले यांच्यातील अंतर दरसाल दिसेल; आणि ते पत्रक आरोग्य खात्याइतकेच साखर आयुक्तांच्या कचेरीतही दाखल व्हावे, कारण त्या कोप्या ज्यांच्या उसासाठी उभ्या राहतात त्यांच्या जबाबदारीची नोंद होण्याची जागा तीच आहे.